घरात कोण कोणाला घाबरतं?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं एक मोठं घर डोळ्यांसमोर आणा. उद्या चतुर्थी. मुंबई-पुण्याची माणसं येऊन पोचली आहेत, देवाच्या खोलीत माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची आरास, बांधणं चाललं आहे. धाकट्या सुनेच्या हातून सुपारीचं शिपटं निसटतं आणि चार सुपाऱ्या फरशीवर घरंगळतात. नवरा शिडीवरूनच हसत म्हणतो, "हिच्या हातात काय देऊ नका गो कोणी. माहेरहून दोनच गोष्टी शिकून आलीय, पाडायचं आणि मग रडायचं." सगळे हसतात. तीही हसते, सुपाऱ्या वेचते आणि स्वयंपाकघरात जाते. गणपती विसर्जन होईपर्यंत ती माटोळीच्या जवळ फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी कुठली साडी नेसू, हे ती सकाळीच नवऱ्याला विचारते. त्याचं मत हवं असतं म्हणून नव्हे, नंतर चारचौघांत ऐकून घ्यावं लागू नये म्हणून.

या प्रसंगात छळ आहे का? सुपारीवरच्या शेऱ्यावरून काहीच सांगता येत नाही. थट्टा कुठल्या घरात होत नाही? पण साडीचा तो प्रश्न मात्र बरंच काही सांगतो. एक जाणतं माणूस स्वतःच्या अंगावरच्या कपड्याचा निर्णय भीतीपोटी दुसऱ्याकडे सोपवतं, तेव्हा त्याच्या मागे एक नव्हे, शेकडो सुपाऱ्या सांडून गेलेल्या असतात. मानसिक छळ ओळखताना लोक नेमके इथे चुकतात. ते एखादा मोठा प्रसंग शोधत बसतात. "पण त्याने केलं काय?" असं विचारतात. सांगायला गेलं तर प्रत्येक गोष्ट इतकी किरकोळ वाटते की सांगणारीच ओशाळते. म्हणून प्रसंगाच्या मागे न लागता परिणाम पाहावा: या घरात कोण कोणाला घाबरून वागतं, आणि गेल्या काही वर्षांत कोणाचं जग लहान होत गेलं?

भांडण वेगळं, छळ वेगळा

आवाज चढला म्हणजे छळ झाला असं मुळीच नाही. आपल्याकडे माणसं मोठ्याने बोलतात. शेजाऱ्याला वाटतं आता मारामारी होणार, आणि दहा मिनिटांनी तीच माणसं एकाच टेबलावर चहा पीत असतात. उलट काही अत्यंत जाचक घरं बाहेरून इतकी शांत असतात की वाड्यावर त्यांचं उदाहरण दिलं जातं.

भांडणात दोघांनाही तोंड असतं. आज एकाचं चालतं, उद्या दुसऱ्याचं. एखादा शब्द जास्त गेला तर ज्याने उच्चारला त्याला तो नंतर टोचतो. छळात पडतं कोणी घ्यायचं हे आधीच ठरलेलं असतं. माफी नेहमी एकच माणूस मागतं, आणि पुष्कळदा कशाची माफी मागतोय हे त्याला ठाऊकही नसतं. एक साधी कसोटी लावून पाहा. घरातल्या त्या माणसाला एखाद्या क्षुल्लक गोष्टीला तुम्ही "नको" म्हणालात, तर पुढचे दोन दिवस कसे जातात? थोडी कुरकुर झाली आणि विषय संपला, तर ते घर आहे. "नको" म्हणण्याआधीच पोटात गोळा येत असेल, तर विचार करायला हवा.

अबोल्याचंही तसंच. रागाच्या भरात काहीतरी वाईट बोलून जाऊ म्हणून गप्प बसणारा माणूस "आत्ता नको, रात्री बोलू" असं सांगतो आणि खरंच बोलतो. काही जण मनाच्या आजारामुळे अबोल होतात, त्यांना डॉक्टरची गरज असते. पण आठ-आठ दिवस समोरच्याकडे तो तिथे नाहीच अशा नजरेने पाहायचं, मुलांमार्फत निरोप धाडायचे, वाढलेलं ताट तसंच ठेवून बाहेर जायचं, आणि तिने रडून विनवण्या केल्या की मग उपकार केल्यासारखं बोलायला लागायचं, ही शिक्षा आहे. ती देणाऱ्याला ती शिक्षा आहे हे नीट ठाऊक असतं.

हे घडतं कसं

सुरुवात बहुधा काळजीच्या रूपात होते. "तू त्या मैत्रिणीबरोबर फिरतेस ते मला बरं वाटत नाही, लोक काय म्हणतील." "तुझी आई फोनवर तुझे कान भरते." माहेरी जाणं आठवड्यावरून महिन्यावर येतं, मग जत्रेपुरतं उरतं. कोणी थेट बंदी घातलेली नसते. फक्त प्रत्येक वेळी जाऊन आल्यावर घरात इतकं तापतं की न गेलेलं परवडतं. अशा घरातली बाई शेवटी स्वतःच म्हणू लागते, "मला कुठे जायला आवडतच नाही."

मग हिशेब सुरू होतो. पैशाचा तर असतोच, पण वेळेचाही. पणजीहून सुटलेली बस साखळीला किती वाजता पोचते हे त्याला पाठ असतं. आज वीस मिनिटं उशीर का? फोनवर लोकेशन कायम चालू ठेवायचं, व्हॉट्सअॅपवर शेवटचं कधी दिसली ते तपासायचं, तिच्या बँकखात्याला नंबर त्याचा जोडलेला, म्हणजे तिने भाजीवाल्याला चाळीस रुपये दिले की संदेश त्याच्या खिशात वाजतो. गृह आधार योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये सरकार गृहिणीच्या नावावर जमा करतं. ते कार्ड कोणाच्या पाकिटात असतं, हे विचारून पाहा. सगळीकडे उत्तर वाईट येणार नाही. जिथे येईल, तिथे बाकीचंही बरंच कळेल.

सर्वांत खोल घाव घालतो तो नकार. काल रात्री जे तोंडावर बोललं गेलं ते आज साफ नाकारायचं. "मी असं बोललोच नाही. तुझ्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे, डॉक्टरला दाखव." आपली आठवण काही जशीच्या तशी रेकॉर्ड होऊन राहत नाही. प्रत्येक वेळी आठवताना मेंदू ती नव्याने जुळवत असतो, आणि म्हणून जवळच्या माणसाने ठामपणे "तसं झालंच नाही" म्हटलं की शंका येणं अगदी स्वाभाविक आहे. यात मूर्खपणा नाही, शहाण्यातल्या शहाण्याचंही असंच होतं. वर्षभर हे चाललं की माणूस स्वतःच्या डोळ्यांवर आणि कानांवर विश्वास ठेवणं सोडून देतो. अशा घरात आई दहा वर्षांच्या मुलाला हळूच विचारते, "काल बाबा असंच म्हणाले ना रे?" मुलगा गणिताच्या वहीतून डोकं वर न काढता "हूं" म्हणतो. तेवढ्या एका "हूं"वर तिचा तो दिवस निभावतो.

आणि या सगळ्याच्या मध्ये चांगले दिवस असतात. ते असतात म्हणूनच हे चालतं. अचानक तो म्हापशाच्या बाजारातून तिच्या आवडीचे मानकुराद आंबे घेऊन येतो, मुलांना घेऊन समुद्रावर नेतो, जुन्या गोष्टी काढून हसवतो. तिला वाटतं, हाच खरा. मांडवीतल्या कॅसिनोत मशीनसमोर बसलेला माणूस उठत का नाही? मशीन कधीच काही देत नसतं तर तो केव्हाच उठला असता. ते कधीतरी देतं, आणि कधी देईल याचा नेम नसतो, म्हणून तो बसून राहतो. नेम नसलेलं बक्षीस माणसाला नेमाने मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा जास्त घट्ट बांधून ठेवतं, हे मानसशास्त्रात प्रयोगांनी पक्कं झालेलं आहे. "मग ती सोडून का जात नाही?" या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं कागदपत्रांत आहे, त्याकडे पुढे येऊ.

"त्याला राग आवरत नाही हो"

हे वाक्य आपल्याकडे इतकं सर्रास वापरलं जातं की त्याची एकदा उलटतपासणी व्हायलाच हवी. ज्याला राग आवरत नाही तो बँकेच्या मॅनेजरवर ओरडतो का? आरटीओत तासभर रांगेत उभं केलं तर तिथल्या कारकुनाला "तुला अक्कल आहे का" म्हणतो का? नाही. तिथे आवरतो. घरी येऊन, दार लावून, जिचं उलटं उत्तर येणार नाही अशा माणसापुढेच तो सुटतो. म्हणजे आवरता येतो.

ताण खरे असतात, ते कोणी नाकारत नाही. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी २०१२ मध्ये बंद झाल्या, पुन्हा २०१८ मध्ये थांबल्या, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत ट्रकांचे हप्ते थकले आणि कमावती माणसं अंगणात बसून राहिली. त्या काळात चिडचिड वाढली असणारच. पण त्याच संकटात कितीतरी घरांत नवरा-बायकोने मिळून काजूचं, दुधाचं, खानावळीचं काही ना काही सुरू केलं. संकट सगळ्यांवर सारखं आलं, छळ मात्र सगळ्या घरांत झाला नाही. दारूचंही हेच. "पिऊन असतो तेव्हाच तसा, नाहीतर देवमाणूस." दारूने धोका वाढतो यात शंका नाही, आणि ती सोडवायला मदत घ्यावीच. पण बायकोला तुच्छ लेखायला दारू शिकवत नाही. उतरल्यावर सकाळी "काल चुकलंच" असं जो म्हणत नाही, त्याचा प्रश्न बाटलीपुरता नाही.

उलटंही घडतं, हे लिहायलाच हवं. काम गेलेल्या नवऱ्याला मुलांसमोर रोज "फुकटखाऊ" म्हणणं, त्याच्या आई-वडिलांवरून टोमणे मारणं, "तुझ्यापेक्षा माझा भाऊ बरा" हे दळण चोवीस तास चालवणं, हाही छळच. पुरुष हे कोणाला सांगत नाही, कारण ताव्हेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, बसलेले मित्रच त्याची टर उडवतील. त्याच्यासाठी कायद्यातल्या वाटा कमी आहेत हे खरं. मनाच्या मदतीच्या वाटा मात्र त्यालाही उघड्या आहेत.

शरीर बोलतं

पुष्कळ बायका "माझा मानसिक छळ होतो" असं सांगत डॉक्टरकडे जात नाहीत. त्या सांगतात, अंग मोडून येतं, झोप लागत नाही, अशक्तपणा आहे, अंगावरून पांढरं जातं. टॉनिकची बाटली मिळते, ती संपते, दुसरी मिळते.

यावर फार मोलाचं काम गोव्यातच झालं आहे. १९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या 'संगाथ' या संस्थेशी जोडलेल्या संशोधकांनी उत्तर गोव्यातल्या सुमारे अडीच हजार बायकांचा अभ्यास केला. तो २००६ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. नैराश्य आणि चिंतेसारखे आजार कोणत्या बायकांत जास्त दिसले? नवऱ्याकडून होणारी जबरदस्ती, घरात निर्णय घेण्याचा हक्क नसणं, कुटुंबाचा आधार नसणं आणि गरिबी यांच्याशी त्यांचा ठळक संबंध दिसला. पांढरं जाण्याच्या तक्रारीचं मूळही पुष्कळ वेळा जंतुसंसर्गात नव्हतं, त्या तक्रारीचं नातं मनावरच्या ताणाशी होतं. बारदेसातल्या एखाद्या वहिनीच्या कंबरदुखीचं कारण तिच्या जेवणाच्या टेबलावर बसलेलं असू शकतं, असा याचा सरळ अर्थ. प्रत्येक कंबरदुखी तशी नसते हे उघड आहे. पण तीन-तीन वेळा तपासण्या करून काही निघत नसेल, तर डॉक्टरने "घरात सगळं ठीक?" हे तिला एकटीला, नवऱ्याला बाहेर बसवून, विचारायला हवं. आपल्याकडे नवरा केबिनमध्ये आत येतो आणि तिच्या वतीने तोच उत्तरं देतो.

गोव्यातली सही

आता कागदपत्रांकडे येऊ. इथे गोव्याची गोष्ट बाकी देशापेक्षा निराळी आहे, आणि छळणारा नेमकी तिच्याविषयीची अर्धवट माहिती हत्यार म्हणून वापरतो.

आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर उभा असलेला कौटुंबिक कायदा सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, दोघांचा निम्मा-निम्मा हक्क. घर किंवा जमीन विकायची तर दोघांची संमती लागते. हा बायकोच्या बाजूचा भक्कम नियम आहे. पण याच नियमामुळे तिच्या सहीला किंमत येते, आणि ती सही मिळवण्यासाठी तिला पिळलं जातं. "सही कर, नाहीतर तुझ्या बापाला बोलावून सगळं सांगतो." "सही करत नाहीस म्हणजे तुझ्या मनात काहीतरी आहे." कागद वाचायला मागितला की विश्वास नसल्याचा कांगावा. समोर ठेवलेला कागद न वाचता सही करायची नाही, आणि वाचायला वेळ मागणं हा अविश्वास नव्हे, एवढं जरी घराघरांत ठरलं तरी पुष्कळ होईल.

दुसरी धमकी मुलांना दिली जाते: "माझ्या मनासारखं वागला नाहीस तर एक पैसा ठेवणार नाही, सगळं दुसऱ्याच्या नावावर करीन." बऱ्याच अंशी ही पोकळ धमकी आहे. गोव्यात आई-बापाला मृत्युपत्राने आपल्या वाट्यापैकी फक्त निम्म्याची मनाप्रमाणे वाट लावता येते. उरलेला निम्मा मुलांचाच, मुलगा-मुलगी असा भेद न करता. कोणाला वारसातून वगळायचं तर कायद्यात दिलेली मोजकीच कारणं चालतात. हे ठाऊक नसल्यामुळे तिशी-चाळिशीची माणसं म्हाताऱ्या बापापुढे गप्प राहतात, आपल्या बायकोचा अपमानही गिळतात.

आणि तिसरी गोष्ट लग्नाआधीची. गोव्यात बहुतेकांचं लग्न कायद्याने होतं ते सिव्हिल रजिस्ट्रारसमोर, आणि दोन टप्प्यांत. आधी जाऊन लग्नाचा इरादा नोंदवायचा, हरकतींची मुदत जाऊ द्यायची, मग पुन्हा जाऊन सही करायची. ती दुसरी सही झाली की लग्न झालं, हॉलवरचा सोहळा भले सहा महिन्यांनी असो. त्यानंतर मोडायचं तर कोर्टाची पायरी चढावी लागते. मधले आठवडे फार कामाचे असतात, आणि पत्रिका, साड्या, केटरर यांच्या गडबडीत ते वाया जातात. त्या काळात तो मुलगा तुमच्या मुलीला दिवसातून वीस वेळा "कुठे आहेस" विचारतो का? नोकरीचा विषय निघाला की रुसतो का? तिने फोन उचलला नाही तर नंतर तिला रडवतो का? मुलगी हल्ली मैत्रिणींना टाळते का? आई-बापाने हे विचारावं, आणि मुलगी "थांबूया" म्हणाली तर "आता पत्रिका वाटल्या" हे उत्तर देऊ नये. छापलेल्या पत्रिका रद्दीत घालणं त्या मानाने फारच स्वस्त पडतं.

कायदा काय म्हणतो

"मारलं नाही तर तक्रार कसली?" ही समजूत जुनी आणि चुकीची. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून देशभर लागू आहे. त्यात शारीरिक आणि लैंगिक हिंसेबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही स्पष्ट लिहिलेला आहे. अपमान, टिंगल, पाणउतारा, मूल होत नाही किंवा मुलगाच होत नाही म्हणून हिणवणं, तिच्या जवळच्या माणसाला इजा करण्याच्या वारंवार धमक्या, खर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन अडवणं, हे सगळं त्यात येतं. बायकोपुरताच हा कायदा आहे असंही नाही. एकत्र राहणारी आई, बहीण, विधवा भावजय, लग्नासारख्या नात्याने राहणारी बाई, यांनाही तो लागू होतो.

मुख्य म्हणजे नवऱ्याला लगेच तुरुंगात धाडणं हा या कायद्याचा हेतू नाही. मॅजिस्ट्रेट छळ थांबवण्याचा आदेश देऊ शकतो, तिला घरातून काढू नये असं सांगू शकतो, खर्च आणि भरपाई देववू शकतो, गरज पडली तर त्यालाच घराबाहेर राहायला लावू शकतो. आदेश मोडला तर मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. क्रौर्याबद्दलची फौजदारी तरतूद वेगळी आहे. पूर्वी ती ४९८-अ म्हणून सगळ्यांना पाठ होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ या कलमांत आहे, आणि मानसिक आरोग्याला होणारी गंभीर इजाही त्यात मोजली जाते.

गोवा लहान. पोलीस स्टेशनात गेलं तर हवालदार नवऱ्याच्या मावसभावाचा मित्र निघतो, आणि ती घरी पोचायच्या आधी बातमी पोचते. ही भीती काल्पनिक नाही. म्हणून दोन गोष्टी माहीत हव्यात. अर्ज ती जिथे तात्पुरती राहत असेल तिथल्या कोर्टातही करता येतो. म्हणजे सासर फोंड्यात आणि माहेर पेडण्यात असेल तर पेडण्याहूनही चालतं. आणि तिने स्वतःच जायला हवं असं नाही, या कायद्याखाली नेमलेला संरक्षण अधिकारी किंवा दुसरं कोणीही तिच्या वतीने अर्ज करू शकतं. वकिलाची फी हा अडसर ठरू नये: विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठीचा नंबर १५१००.

मुलांच्या बाबतीत गोव्याने देशाच्या पुढे पाऊल टाकलेलं आहे, आणि गोव्यातच ते फारसं कोणाला ठाऊक नाही. गोवा बाल कायदा २००३ चा. त्यातल्या बालछळाच्या व्याख्येत मानसिक आणि भावनिक छळ येतो. मुलाची माणूस म्हणून असलेली प्रतिष्ठा कमी करणारे शब्दही येतात. तो छळ नेहमीचा असो वा नसो, असंही कायदा म्हणतो. अशा खटल्यांसाठी पणजीत बाल न्यायालय आहे. दहावीच्या निकालावरून मुलाला नातेवाइकांसमोर "गाढव" म्हणणारे आपण सगळेच हे वाचून जरा चपापू. चपापलेलं बरं.

वृद्धांचा छळ सर्वांत गुपचूप होतो. औषध आणायला "विसरणं", पाहुणे आले की आईला आतल्या खोलीत बसवणं, घर नावावर करून घेतल्यानंतर बोलणंच बंद करणं. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळलं नाही तर परत मिळवण्याची सोयही त्यात आहे. ज्येष्ठांसाठीचा नंबर १४५६७.

हसणाऱ्यांचं काय

छळ रोखण्याचा सगळा भार ज्याच्यावर तो होतो त्याच्याच डोक्यावर टाकायची आपली सवय आहे. "तू दुर्लक्ष कर." "तू थोडं गोड बोलून बघ." "जरा सोशीकपणा ठेव, मुलं मोठी झाली की सगळं नीट होतं." तिने हे सगळं करून झालेलं असतं. माझ्या मते खरी जागा माटोळीखाली हसलेल्या त्या माणसांची आहे. अपमानाला प्रेक्षक लागतात. मोठ्या जावेने तिथेच, आवाज न चढवता, "ह्यात हसण्यासारखं काय आहे रे?" एवढं म्हटलं असतं, तर त्या घरात पुढच्या वेळी तो शेरा इतका सहज निघाला नसता. सासऱ्याने म्हटलं असतं तर बहुधा निघालाच नसता.

एकटी भेटली की विचारावं, पण उलटतपासणी करू नये. "तू हल्ली गप्प असतेस, मला काळजी वाटते" एवढं पुरे. ती "काही नाही" म्हणेल. म्हणू द्या. पुन्हा महिन्याने विचारा. "मी असते तर एक दिवस राहिले नसते" हे वाक्य तर अजिबात नको. त्याने ती तुमच्यापासूनही लांब जाते. ती परत त्याच्याकडे गेली तर रागावून संबंध तोडू नका. छळणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. शेजाऱ्यांनाही कायद्याचं संरक्षण आहे: हिंसा होतेय असं खरोखर वाटलं आणि चांगल्या हेतूने संरक्षण अधिकाऱ्याला कळवलं, तर कळवणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही.

"तू गेलीस तर मी जीव देईन" ही धमकी ऐकली तर? ती हलक्यात घेऊ नये. त्याच्या घरच्यांना कळवावं, ११२ वर फोन करावा, किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर. पण त्याचा जीव वाचवण्याचा उपाय म्हणून तिने तिथेच राहणं, हा उपचार नव्हे. त्याला उपचार डॉक्टर देतील. बांबोळीला मनोविकार रुग्णालय आहे, तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे, आणि तिथे जाणारे सगळे "वेडे" नसतात हे आता तरी सर्वांना कळायला हवं.

हे वाचताना कोणाला आपलीच वाक्यं ओळखू येतील. अशा माणसाने घरच्यांसमोर मोठी कबुली देऊन रडण्यापेक्षा समुपदेशकाकडे एकट्याने जाणं जास्त उपयोगाचं. जोडप्याने मिळून समुपदेशनाला जावं असा सल्ला सर्रास दिला जातो. भीती असलेल्या घरात तो उलटतो, कारण तिथे ती जे बोलेल त्याचा हिशेब तिला घरी चुकवावा लागतो.

ज्याच्यावर हे होतंय त्याने आजपासून करण्यासारखं म्हणजे टिपून ठेवणं. तारीख, काय बोललं गेलं, समोर कोण होतं, एवढंच, दोन ओळींत. एक तर कोर्टात ते कामी येतं. त्याहून मोठा फायदा म्हणजे "मी असं बोललोच नाही"ला घरबसल्या उत्तर मिळतं, आणि स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास परत येतो. वही घरात ठेवणं धोक्याचं असेल तर बहिणीला मेसेज करून आपल्या फोनमधून तो पुसून टाकावा. लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, आधार, पासबुक, घराच्या कागदांच्या प्रती बाहेर विश्वासाच्या माणसाकडे द्याव्यात. खातं स्वतःच्या नंबरवर, शक्यतो वेगळ्या बँकेत उघडावं. १८१ ही महिलांची हेल्पलाइन चोवीस तास चालते आणि फुकट आहे, पण आपला फोन कोणी तपासत असेल तर केलेल्या कॉलची नोंद त्यात राहते. तेव्हा तो फोन ऑफिसमधून करावा, नाहीतर शेजारणीच्या मोबाइलवरून.